हौस आपली, आरसी बुक कुणाचे?

सोलापुरातल्या आपल्या वस्त्यांत संध्याकाळी कट्ट्यावर बसलेल्या पोरांच्या गप्पा ऐका. राजकारण येते, क्रिकेट येते, पण रात्री उशिरापर्यंत टिकतो तो विषय गाड्यांचा. त्यातही जुन्या गाड्यांचा. पुढे नाक असलेला टाटा कुणी शेवटचा पाहिला, फोर्डच्या ट्रॅक्टरचा आवाज कसा वेगळा, एचएमटीचे सुटे भाग आता कुठे मिळतात, ४०७ चे इंजिन किती वेळा बांधून घेता येते. मग ओघाने खर्च निघतो. प्रेशर हॉर्न केवढ्याला, बंपरला स्टीलचे पाइप लावायला किती, केबिनला नवा रंग, मागच्या फाळक्यावर पेंटरकडून चित्र काढून घ्यायचे तर किती.

चळवळीतले आपले अनेक ज्येष्ठ कार्यकर्ते हे ऐकून कपाळाला हात लावतात. पोरे वाया गेली, हातात पुस्तक नाही, तोंडात इंजिन आहे, असा त्यांचा सूर असतो. आम्हाला हा सूर मान्य नाही. आणि "हौसेला मोल नसते" म्हणून हा विषय सोडून देणेही मान्य नाही. हौसेला मोल असते. ते कोण चुकवतो आणि कुणाच्या खिशात जाते, याचा हिशेब आंबेडकरी तरुणाने मांडायलाच हवा.

आधी त्या गप्पांविषयी. त्यांत ज्ञान आहे, हे आम्ही ठामपणे म्हणतो. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली, १९६९ पर्यंत तो करार चालला, म्हणून जुन्या टाटांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असायचा, हे आपल्या पोरांना कुणी शिकवलेले नाही. ४०७ आली १९८६ साली. महिंद्राचा जुना ट्रॅक्टर इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-२७५ वरून उभा राहिला. एचएमटीने झेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरकडून तंत्र घेतले आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभागच बंद करायचा निर्णय घेतला. दहावी नापास शिक्का बसलेला पोरगा हे सगळे तोंडपाठ सांगतो. शिवाय गिअर पेटी उघडून परत बसवतो. हाच तपशील मुंबई-पुण्याच्या एखाद्या श्रीमंताने सांगितला तर वर्तमानपत्रे त्याला संग्राहक म्हणतात, जाणकार म्हणतात, रविवारच्या पुरवणीत फोटो छापतात. आपल्या पोराला टपोरी म्हणतात. फरक गाडीत नाही, माहितीतही नाही. फरक सांगणाऱ्याच्या आडनावात आणि पत्त्यात आहे.

हा फरक कायद्यातही उतरलेला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला वेगळी नोंदणी मिळते. वीस हजार रुपये फी भरली की दहा वर्षे निश्चिंती. अट एकच, की ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरायची नाही. म्हणजे ज्या जुन्या गाडीने काही कमवायचे नाही, तिला मान. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या गाड्या भंगारात काढायचे धोरण आले आणि एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दरांत पंधरा वर्षांहून जुन्या अवजड ट्रकच्या फिटनेस प्रमाणपत्राचे शुल्क साडेबारा हजार रुपये ठरले. म्हणजे ज्या जुन्या गाडीवर चार घरांची चूल पेटते, तिच्यावर दरवेळी हा भार. जुना डिझेलचा धूर आम्हालाही नको आहे. तो सर्वांत आधी हायवेकडेच्या आपल्या वस्तीतल्या लेकरांच्या छातीत जातो. पण कुणाच्या जुनेपणाला वारसा म्हणायचे आणि कुणाच्या जुनेपणाला भंगार, हे ठरवताना व्यवस्थेचा तराजू कुणीकडे झुकतो ते दिसल्याशिवाय राहत नाही.

गाडीचा आणि जातीचा संबंध आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींत तो दोनदा येतो. १९०१ साली लहानगा भीवा भावंडांसह वडिलांकडे निघाला, मसूर स्टेशनवर उतरला आणि ही पोरे महाराची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर एक जण तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि पोरांनी गाडी स्वतः हाकायची, आपण बाजूने चालू, या अटीवर. पुढे १९२९ च्या ऑक्टोबरात, बॅरिस्टर झालेले, सरकारी समितीचे सभासद असलेले डॉ. आंबेडकर चाळीसगावला उतरले, तेव्हा टांगेवाल्यांनी त्यांच्यासाठी टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला, सराव नसलेल्या एका माणसाने लगाम धरला, नाल्यावरच्या पुलाशी घोडा बिथरला आणि बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. पायाचे हाड मोडले.

हे दोन्ही प्रसंग आपण अपमानाचे म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण त्यांत आणखी एक गोष्ट आहे. पैसे मोजायची तयारी दोन्ही वेळा होती, वाहनही मिळाले. नव्हते ते हाकायचे कसब, कारण ते ज्यांच्या हातात होते त्यांनी ते आपल्यासाठी वापरायला नकार दिला. मुंबईच्या गिरण्यांत हेच वेगळ्या रीतीने घडले. विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथे कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लालबावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. यंत्र चालवण्याचे कसब कुणाला मिळू द्यायचे हेही जातच ठरवत होती.

आज चित्र काय आहे? सोलापुरातून पुणे, हैदराबाद, विजापूर या रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांच्या स्टेअरिंगवर आपली पोरे आहेत. गॅरेजात इंजिन उतरवणारे हात आपले आहेत. शंभर वर्षांत हा मोठा पल्ला गाठला गेला आहे आणि त्याचा अभिमान कट्ट्यावरच्या गप्पांत असेल तर तो रास्त आहे. मात्र त्याच कट्ट्यावर एक प्रश्न विचारून बघा. ज्या ट्रकची एवढी तारीफ चालली आहे त्याचे आरसी बुक कुणाच्या नावावर आहे? कट्टा गप्प होतो. स्टेअरिंग आपले, क्लीनर आपला, हमाल आपला, पंक्चर काढणारा आपला. पण परमिट, विमा, भाड्याची बिले आणि नफा दुसऱ्याच्या नावावर.

ट्रॅक्टरच्या बाबतीत तर हे अधिकच उघडे आहे. उजनीच्या पाण्यावर या दुष्काळी जिल्ह्यात ऊस फोफावला आणि राज्यात सर्वांत जास्त साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून सोलापूर ओळखला जाऊ लागला. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पंढरपूर, माढा, मंगळवेढ्याच्या रस्त्यांवर दिवसरात्र धावतात. पुढे हारतुरे, वर साउंड, काचेवर मालकाच्या जातीचा अभिमान सांगणारी अक्षरे. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर हा गावात नुसते यंत्र नसतो, ती सत्ता असते. कुणाचे रान आधी नांगरायचे, कुणाला थांबवून ठेवायचे, कुणाचा ऊस आधी तोडायला लावायचा, हे त्या बॉनेटमागे बसलेला मालक ठरवतो. तो ट्रॅक्टर चालवणारा आपला पोरगा मालकाच्याच गाण्यावर मान डोलवतो आणि त्याच जातीची अक्षरे फडक्याने पुसून चकचकीत ठेवतो. त्याने त्यावर छोटासा निळा झेंडा लावून पाहावा! मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून २०१५ साली शिर्डीत एका तरुणाचा जीव घेतला गेला, हे आपण विसरलेलो नाही.

सरकार म्हणेल, तुमच्यासाठीही ट्रॅक्टर आहे की. आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना सामाजिक न्याय विभाग ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देतो. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ३ लाख १५ हजार सरकारचे, ३५ हजार गटाचे. अश्वशक्ती ९ ते १८. ज्याने सोलापूरची काळी भारी जमीन पाहिली आहे त्याने सांगावे, अठरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तिथे पलटी नांगर ओढील का? फळबागेत औत फिरवायला तो ठीक. पण बाग कुणाची? आपल्याला ट्रॅक्टर दिला तोही मिनी, आणि तो चालवायला रान दुसऱ्याचे.

बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला, त्यातला मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. तिच्या जोडीला भांडवल, अवजारे आणि श्रम किती प्रमाणात आहेत त्यावर ठरते. या साधनांचा मेळ बसला नाही तर शेती तोट्यातच जाणार. आज आपल्याकडे श्रम आहेत, अवजार मापात काटून मिळते आणि जमीन नाही. म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. त्यांच्या नावाच्या सबलीकरण योजनेत भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन मिळायची तरतूद आहे आणि २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानावर आहे. पण गावात आपल्याला जमीन विकायला कोण तयार होतो? ठरवून दिलेल्या सरकारी दरात तर कोणीच नाही. ट्रॅक्टरच्या गप्पा मारणाऱ्या तरुणाला या योजनेचे नाव माहीत नसावे हे दुर्दैव आहे. बी-२७५ चा इतिहास ज्याला पाठ होतो त्याला हा शासन निर्णयही पाठ होईल. त्याच्यापर्यंत तो नेणे हे कार्यकर्त्याचे काम.

आता खर्चाकडे येऊ. समजा एका पोराचा हौसेपायी महिन्याला १,२०० रुपये खर्च होतो. हॉर्न, लाइट, स्टिकर, बाइकचे सायलेन्सर, मित्राच्या ट्रॅक्टरवर साउंड लावायला वर्गणी. दहा पोरांचे वर्षाला १ लाख ४४ हजार होतात. मिनी ट्रॅक्टरसाठी गटाने भरायचे ३५ हजार दहा जणांत वाटले तर माणशी साडेतीन हजार, म्हणजे तीन महिन्यांची हौससुद्धा नाही. आणि हे १,२०० रुपये येतात कुठून हेही बघा. सोलापुरात हजारो बाया विड्या वळतात, धुणीभांडी करतात. पोराच्या हॉर्नचा आवाज आईच्या बोटांतून निघतो. ती कट्ट्यावर नसते, बहीणही नसते. हौसेच्या या दुनियेत बाईला जागा फक्त पैसे पुरवायची, याचा आंबेडकरी म्हणवणाऱ्या पोरांना विचार पडायला हवा.

जयंतीचेही तेच. सोलापूरची भीमजयंतीची मिरवणूक पाहायला लांबून लोक येतात, आणि ती थाटातच निघाली पाहिजे. ज्यांना रस्त्याने ताठ चालू दिले नाही त्यांनी वर्षातून एकदा सगळा रस्ता व्यापला तर कुणाच्या पोटात दुखायचे कारण नाही. पण रथाचा ट्रक भाड्याचा, ट्रॅक्टर भाड्याचा, जनरेटर भाड्याचा, साउंड भाड्याचा. वस्तीची वर्गणी एका रात्रीत ज्यांच्या खिशात जाते त्यांचे दारही आपण उरलेले वर्षभर मजुरीसाठी ठोठावत असतो.

बाबासाहेबांनी पुस्तके घेतली आणि तुम्ही हॉर्न घेता, असला सोपा टोमणा आम्ही मारणार नाही. बाबासाहेबांनाही हौस होती. चांगल्या पेनांची होती, उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. ज्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ ला आपल्या याच सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले, तीच सभा मुंबईत तरुणांसाठी हॉकी क्लबही चालवत होती. तरुणाला खेळ लागतो, नाद लागतो, हे चळवळीने तेव्हाच ओळखले होते. फक्त तो नाद चालवायची जागा आणि त्याची वही चळवळीच्या हातात होती.

म्हणून आमचे मंडळांना सांगणे आहे. येत्या जयंतीला ट्रक भाड्याने घेण्याऐवजी चार मंडळांनी मिळून एक चांगल्या अवस्थेतला जुना ट्रक विकत घ्यावा. कोणता घ्यायचा, इंजिन किती चालले आहे, चेसीला वेल्डिंग आहे का, हे बघायला बाहेरचा दलाल नको. ते डोळे कट्ट्यावर आहेत. गाडी एकट्याच्या नावावर घेऊ नये, सहकारी संस्था नोंदवून तिच्या नावावर घ्यावी, नाहीतर दोन वर्षांत तिचाही एक मालक तयार होतो. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे, तिथे कर्जाचा अर्ज टाकावा आणि नाकारला तर कारण लेखी मागावे. अकरा महिने ट्रकने वाळू, सिमेंट, कांदा, जे मिळेल ते भाडे मारावे, एप्रिलमध्ये तोच ट्रक रथ व्हावा. पेंटरकडून फाळक्यावर हवे ते चित्र काढून घ्या, हॉर्न लावा, तो खर्च संस्थेच्या वहीत लिहा. सह्यांचा अधिकार तिघांना द्यावा आणि त्यांतली एक वस्तीतली विडी वळणारी बाई असावी. कोटेशन मागवायला आणि संस्थेच्या नोंदणीचे कागद काढायला वेळ लागतो. १४ एप्रिलच्या आधी निदान सहा महिने बैठक बोलवा.