हुशार लेकराचीही तपासणी झाली पाहिजे

वस्तीत आरोग्य तपासणीला गेलो की आया आमच्याकडे दोन प्रकारची मुले घेऊन येतात. एक आजारी असलेले आणि दुसरे शाळेत मागे पडणारे. तिसऱ्या प्रकारचे मूल कोणी आणत नाही. ते बाजूला उभे राहून बीपीच्या यंत्रात काय होते ते विचारत असते आणि आई त्याला दटावत असते, "गप बस, सिस्टरला काम करू दे."

या तिसऱ्या मुलाबद्दल बोलायचे आहे. आमचे म्हणणे सरळ आहे. मागे पडणाऱ्या मुलाची जशी तपासणी होते, तशी वयाच्या पुढे धावणाऱ्या मुलाचीही व्हावी. ती त्याच्या भाषेत आणि विनामूल्य व्हावी. तिच्या आधारे त्याला योग्य शाळा आणि योग्य शिकवणे मिळावे. कोणी म्हणेल, पोट भरायची मारामार आणि ही कसली चैन? पण लेकराची बुद्धी वाया जाणे हे कुपोषणच आहे, फक्त ते वजनकाट्यावर दिसत नाही.

ओळखायचे कसे?

पहिला नंबर म्हणजे बुद्धी, असे समीकरण आपल्या डोक्यात बसले आहे. ते खरे नाही. पहिला नंबर काढणारे मूल मेहनती असते, सांगितलेले नीट करते. वयाच्या पुढे असलेले मूल कधी कधी पहिल्या दहातही नसते. वर्गात चाललेले त्याला आधीच कळलेले असते. मग ते कंटाळते, शेजारच्याला छेडते, वहीत अर्धेच लिहिते. शिक्षक त्याला वात्रट म्हणतात, शेजारी आगाऊ म्हणतात. आपल्या लेकराला 'आगाऊ' म्हणताना त्या शब्दाला कधी कधी जातीचाही वास असतो. दुसऱ्यांच्या मुलाने प्रश्न विचारला तर तो चौकस, आपल्याने विचारला तर तो शहाणपणा करतो.

लक्ष ठेवण्यासारख्या गोष्टी अशा: बालवाडीच्या वयात कोणी न शिकवता दुकानांच्या पाट्या वाचणे, किराण्याचा हिशेब तोंडी करणे, एकच विषय धरून महिनोन्महिने त्याच्या मागे लागणे, एकदा ऐकलेले न विसरणे, मोठ्या मुलांत रमणे, कोणावर अन्याय झाला तर फार मनाला लावून घेणे. मुलींकडे जास्त बारकाईने पाहावे लागते. त्या वर्गात गप्प राहायला लवकर शिकतात. घरी धाकट्यांना सांभाळून रेशनचा अर्ज आणि बँकेची स्लिप तीच भरते. तरी तिला हुशार कोणी म्हणत नाही, 'समजूतदार' म्हणतात.

एका लक्षणावरून काही ठरवू नका. दोन-तीन महिने एका वहीत तारीख घालून लिहीत जा. मूल काय बोलले, काय करून दाखवले, कशाने कंटाळले. तपासणीच्या वेळी या वहीचा फार उपयोग होतो.

आधी डोळे, कान आणि रक्त

बुद्धीची चाचणी करण्याआधी शरीराची तपासणी करा, हा आमचा नर्सिंगमधला आग्रह. फळ्यावरचे न दिसणारे, कान वाहत असल्याने अर्धेच ऐकणारे, अंगात रक्त नसलेले मूल कितीही तल्लख असले तरी मंद दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्ताची कमतरता आढळली. यात आपली मुले आलीच. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आणखी एक गोष्ट. काही मुले बोलण्यात, विचारात फार पुढे असतात, पण वाचन-लेखनात अडखळतात. याला डिस्लेक्सिया म्हणतात. असे मूल तोंडी सगळे सांगते आणि पेपरात नापास होते. घरचे म्हणतात आळशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळतात. मुंबईत सायन, नायर, केईएम या पालिका रुग्णालयांत ही तपासणी होते.

चाचणी म्हणजे काय?

बुद्धीची चाचणी म्हणजे शाळेचा पेपर नव्हे. मानसतज्ज्ञ मुलाला समोर बसवून प्रश्न विचारतात, ठोकळे जुळवायला देतात, चित्रातली उणीव ओळखायला सांगतात. मूल दमले तर हे काम दोन बैठकांत होते. अशी पहिली चाचणी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली तयार केली. शाळेत कोणाला जादा मदत लागेल ते ओळखणे, हा तिचा हेतू होता. पुढे डॉ. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. नागपुरात डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी चाचणी तयार केली. रेव्हनची चाचणी तर फक्त आकृत्यांची आहे, तिला भाषा लागत नाही. म्हणजे आपल्या लेकराला इंग्रजी येत नाही म्हणून त्याची बुद्धी मोजता येत नाही, हे कोणी सांगितले तर ऐकून घेऊ नका.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या बालकांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. मानसोपचार हे नाव ऐकून बिचकू नका, तिथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. जाताना चार प्रश्न विचारा. तपासणारे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले आहेत का? चाचणी कोणती? ती मराठीतून होईल का? लेखी अहवाल मिळेल का? चाचणीच्या दिवशी मूल पोटभर जेवलेले, झोप झालेले असावे. तापात किंवा उपाशीपोटी चाचणी देऊ नका.

एक सावधानता. बोटांचे ठसे घेऊन 'बुद्धी सांगणारे' आणि डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्ग वस्त्यांपर्यंत पोहोचले आहेत. हजारो रुपये घेतात. याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. संगणकाचा कागद हातात दिला तरी तो हात पाहणाऱ्या ज्योतिषाचाच भाऊ. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात त्याला थारा नको.

आकडा म्हणजे निकाल नव्हे

चाचणीत सरासरी १०० धरतात आणि १३० च्या वर शंभरात साधारण दोन मुले येतात. काही कार्यकर्ते आम्हाला विचारतात, "मेरिटच्या नावाने ज्यांनी आपल्याला हाकलले, त्यांचेच माप आपण वापरायचे?" शंका रास्त आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये अशाच चाचण्यांच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना मंदबुद्धी ठरवून वेगळ्या वर्गात टाकत होते. पालक कोर्टात गेले आणि १९७९ साली न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. म्हणून आमचा नियम असा: आकडा जास्त आला तर ती मुलाच्या गरजेची नोंद समजा, आणि कमी आला तर तो शेवटचा शब्द मानू नका. दहा बाय दहाच्या खोलीत, पुस्तकांविना वाढलेल्या मुलाने जे केले ते त्या खोलीसह मोजले पाहिजे. माप टाकून देण्यापेक्षा ते आपल्या हातात घेणे बरे. शिवाय एका लेकराला हुशार म्हणताना शेजारच्याला 'ढ' म्हटले तर ती समता नव्हे.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा विद्यार्थी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरला, त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे बडोद्याच्या सयाजीरावांकडे शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. महिना पंचवीस रुपयांच्या त्या मदतीने कॉलेज झाले. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो. पण प्रत्येक वस्तीच्या बागेत केळुसकर गुरुजी येऊन बसतीलच असे नाही. लेकरू हेरले जाणे नशिबावर सोडायचे नसेल, तर त्याची व्यवस्था लागते.

योग्य जागा कोणती?

योग्य शाळा म्हणजे महागडी इंग्रजी शाळा, हा गैरसमज आधी काढा. कधी एक चांगला शिक्षक, वाचनालयाचे कार्ड आणि गणितासाठी वरच्या वर्गाचे पुस्तक एवढे पुरते. अहवाल घेऊन मुख्याध्यापकांना भेटा आणि हे लेखी मागा. वरच्या वर्गात बसवण्यासाठी जन्मतारीख मात्र बदलू नका, दहावीच्या कागदांत ती आयुष्यभर छळते.

शाळा बदलायची असेल तर वाटा आहेत. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळेतील २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेणे याच कायद्याने बंद केले आहे. पाचवीत असताना नवोदय विद्यालयाची परीक्षा देता येते, ती मराठीतून असते आणि निम्मे प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात. ती एकदाच देता येते, म्हणून चौथीपासून तयारी करा. समाजकल्याण विभागाच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींसाठीच्या निवासी शाळा सहावीपासून आहेत. आठवीत एनएमएमएस परीक्षा देऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. या सगळ्याला जातीचा दाखला लागतो. बौद्धांना केंद्राने १९९० साली अनुसूचित जातीच्या सवलती लागू केल्या, त्यामुळे केंद्राच्या नमुन्यातला दाखलाही आधीच काढून ठेवा.

जागा मिळाली म्हणजे काम संपले असे नाही. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांना जागा मिळाली होती. निवासी शाळेतल्या लेकराला दर आठवड्याला फोन करा. अभ्यास विचारण्याआधी जेवलास का, मित्र कोण, कोणी काही बोलले का, हे विचारा. घरचे सगळे स्वप्न एका लेकराच्या पाठीवर टाकू नका.

मागायचे काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष प्रतिभा असलेल्या मुलांना शाळेने जादा साहित्य आणि मार्गदर्शन द्यावे असे लिहिले आहे. लिहिलेले वस्तीतल्या शाळेत उतरलेले नाही. बाल स्वास्थ्य पथक मुलाचा विकास मागे आहे का ते पाहते, पुढे आहे का ते पाहत नाही. त्याच तक्त्यात एक रकाना वाढवा, पालिकेच्या शाळांना मानसतज्ज्ञ द्या, चाचणी मराठीतून आणि विनामूल्य करा. एवढी मागणी प्रत्येक विहार समितीने आणि महिला मंडळाने प्रभागाच्या शिक्षण अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी. तोवर रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास विहारात मुलांना प्रश्न विचारू द्या, आणि जे मूल सारखे विचारते त्याचे नाव वहीत लिहा.

बुद्धांनी प्रज्ञा कोणाच्या कुळाला बांधून दिली नाही. ती आपल्या गल्लीतही जन्मते. ती ओळखून तिला वाट करून देणे हे आईवडिलांचे, विहाराचे आणि शासनाचे काम आहे.

जय भीम.