आजचा मेळ आजच

बँकेत असताना सायंकाळी रोकड जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, असा पहिला संशय येई. १,२६० ऐवजी १,६२० लिहिले की फरक ३६० चा. एरवी फरकाची निम्मी रक्कम शोधत असू. जमेची नोंद नावे पडलेली असे. चूक त्याच दिवशी सापडे, कारण व्यवहार स्मरणात ताजा असे.

घरी मात्र ही शिस्त मी पाळली नाही. निवृत्तीनंतर आलेला एक धनादेश ‘उद्या भरू’ म्हणून पुस्तकात ठेवला. हाती लागला तेव्हा त्याची तीन महिन्यांची मुदत उलटली होती. आयुष्यभर ग्राहकांना मुदती सांगणाऱ्या मला दुसरा धनादेश मागताना मान खाली घालावी लागली.

म्हणून वाचकहो, दुकान वाढवण्यापूर्वीची पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. रोजमेळ जुळवावा, आलेली बिले फाइलला लावावीत, उद्याच्या वसुलीची यादी करावी. घरीही एक वही असावी. तीत विम्याचे हप्ते, ठेवींच्या मुदती, प्रत्येक खात्याचे नामनिर्देशन आणि लॉकरची किल्ली कोठे आहे, हे लिहावे.

ती वही पत्नीला आणि मुलांना अवश्य दाखवावी. आपण नसताना घरच्यांना जे सापडत नाही, ते आपण नीट ठेवले होते असे म्हणता येत नाही.