हिशेबातील पहिले असत्य

धंद्यात नीती पाहू नये, हा समज आपल्याकडे इतका मुरला आहे की ‘व्यवहार’ हा शब्दच अनेकदा नीतीच्या विरुद्ध अर्थाने वापरला जातो. महाविद्यालयांतून व्यवसायनीती शिकवावी असे कोणी म्हटले की दोन आक्षेप हटकून येतात. नीती घरच्या संस्कारांतून येते, ती वर्गात शिकविता येत नाही, हा एक. आणि कायदा असताना नीतिशास्त्र कशाला, हा दुसरा. हैदराबादच्या सत्यम कंपनीचे प्रकरण या दोन्ही आक्षेपांना उत्तर देणारे आहे.

७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ताळेबंदात दाखविलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नसल्याची लेखी कबुली दिली. खरा नफा आणि दाखविलेला नफा यांतील तफावत प्रारंभी किरकोळ होती, पुढे ती आवाक्याबाहेर गेली, असे त्यांनीच नमूद केले. एक उणीव झाकण्यासाठी लिहिलेला आकडा पुढच्या खेपेस त्याहून मोठा आकडा मागतो. पाच हजार कोटींचे असत्य एका रात्रीत जन्मत नाही.

कायदा तेव्हाही होता. लेखापरीक्षक होते, संचालक मंडळावर व्यवस्थापनशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते, आणि २००८ मध्ये कंपनीला उत्तम कारभाराचा पुरस्कारही मिळाला होता. तरीही १६ डिसेंबर २००८ रोजी राजू कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घेण्याचा प्रस्ताव मंडळाने संमत केला. काही तासांतच तो मागे घ्यावा लागला, तो गुंतवणूकदारांच्या संतापामुळे. विद्वत्तेची वाण नव्हती. ऐन वेळी ‘नाही’ म्हणणारे कोणी नव्हते.

मग नीतीचे अध्ययन व्यर्थच म्हणावयाचे काय? नव्हे, व्यर्थ आहे ते व्याख्यांचे पाठांतर. खोटी बीजके आणि खोट्या ठेवपावत्या एकटा अध्यक्ष तयार करीत नसतो. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने ज्या १० जणांना दोषी ठरविले, त्यांत कंपनीच्या वित्त विभागातील माणसेही होती. वरिष्ठांचा हुकूम, सहकाऱ्यांच्या नोकऱ्या आणि घरचा संसार एका पारड्यात व सत्य दुसऱ्या पारड्यात, हा पेच खुर्चीवरच्या कारकुनालाही चुकत नाही. तेथे चांगल्या संस्कारांचा माणूसही गोंधळतो, कारण दोन्ही पारड्यांत कर्तव्यच असते.

अशा पेचाचा सराव वर्गात व्हावयास हवा. या कृतीची किंमत कोण मोजणार? त्याची संमती आपण घेतली आहे काय? हीच गोष्ट उघडपणे करता येईल काय? हे प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागली पाहिजे. कायदा गुन्हा घडून गेल्यावर धावतो. पहिला खोटा आकडा लिहिताना लेखणी अडखळावी, एवढे काम शिक्षणाने केले तरी ते थोडे नव्हे.