उभ्या गाडीचे टायर

खानवेलच्या आसपास आता पाड्यापाड्यावर एखाद्या-दुसऱ्या घरापुढे चारचाकी गाडी उभी असलेली दिसते. उभी असलेली, असे आम्ही मुद्दाम म्हणतो; कारण ती धावते फार थोडी. घरचा कर्ता माणूस सिल्वासाच्या कारखान्यात कंपनीच्या बसने नाही तर मोटारसायकलने जातो आणि गाडी आंब्याखाली विसावलेली राहते. रविवारची मिस्सा, लग्नकार्य, वसईकडील पाहुण्यांची पोहोचवणी, आणि रात्री-अपरात्री कोणी अडल्यास सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयापर्यंतची वीसेक किलोमीटरांची धाव, एवढीच तिची कामे. अशाच एका गाडीच्या मालकांनी परवा आम्हांस विचारले, "फादर, टायरची नक्षी अजून शाबूत आहे. सात वर्षे झाली म्हणून पंक्चरवाला टायर बदला म्हणतो, तो आपल्या धंद्यापुरतेच बोलतो ना?"

प्रश्न रास्त आहे. चार टायर म्हणजे कित्येक हजारांचा खर्च. आणि ज्या घरात फाटलेली गोणीसुद्धा शिवून वापरतात, तेथे न झिजलेली वस्तू टाकून देणे जिवावर येते. टायर गोटा झाला म्हणजे बदलावा, हा हिशेब रोज धावणाऱ्या टॅक्सीला ठीक आहे. खोबणींच्या तळाशी कारखान्यातच बसवलेले लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे तिची खोली 1.6 मिलिमीटर उरली, की टायरचे आयुष्य सरले. परंतु वर्षाकाठी दीड हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला हा हिशेब लावून पाहा. टायर चाळीस हजार किलोमीटर टिकतो असे धरले, तर तो झिजायला सव्वीस वर्षांहून अधिक काळ लागेल. इतकी वर्षे रबर मात्र थांबून राहत नाही.

रबर हवेने जुने होते. हवेतील प्राणवायू त्यात मुरत जातो आणि त्याचा मऊपणा हळूहळू नाहीसा करतो. ओझोन वायू त्याच्या पृष्ठभागास बारीक चिरा पाडतो. ऊन आणि उष्मा ह्या दोन्ही क्रियांना घाई करतात. ह्यावर उपाय म्हणून कारखानदार रबरात मेणासारखी संरक्षक द्रव्ये मिसळतात. चाक फिरताना टायर दबतो आणि फुगतो, त्या हालचालीने ही द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरला ही मालिश मिळत नाही. म्हणजे गाडी वापरली नाही म्हणून टायर वाचला, ही समजूत निम्मीच खरी आहे; नक्षी वाचली, रबर वाचले नाही.

आतले नुकसान तर डोळ्यांना दिसतही नाही. नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे रबरात घट्ट बसवलेले असतात. रबर कडक झाले की ही पकड ढिली होते. पाड्यावरून बाजारापर्यंत सावकाश जाताना काही कळत नाही. पण भिलाडजवळ महामार्गाला लागून वसईच्या दिशेने भर उन्हात तासभर वेगाने गेले, की टायर तापतो आणि वरचा थर पट्ट्यांपासून सुटू शकतो. शिवाय कडक रबर ओल्या रस्त्यास धरत नाही. दुधनीकडील वळणावळणांच्या चढउतारावर आषाढात गाडी चालवणाऱ्यास ह्याचा अर्थ निराळा सांगायला नको.

2012 च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये एका संगीत महोत्सवाहून तरुण मंडळींना घेऊन परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला. बस झाडावर आदळून तिघे दगावले. चौकशीत निघाले, की तो टायर एकोणीस वर्षांपूर्वीचा, खुद्द बसपेक्षाही वयाने मोठा होता. आणि तो वापरण्यास कायद्याची काहीच आडकाठी नव्हती! त्या अपघातात मुलगा गमावलेल्या एका मातेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा 1 फेब्रुवारी 2021 पासून ब्रिटनमध्ये बस आणि मालमोटारींच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर लावण्यास बंदी झाली. घरच्या मोटारींना ती बंदी लागू नाही. तेथे मालकानेच पाहायचे.

पाहायचे कसे? टायरच्या बाजूवर 'डॉट' ह्या अक्षरांपासून सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2318 असे असेल तर तो टायर 2018 सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनमध्ये तयार झाला. हे आकडे बहुधा एकाच बाजूस असतात. बाहेरून दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतली बाजू पाहावी. आपल्या घरी हे काम शाळेत जाणाऱ्या मुलाकडे द्यावे, तो हौसेने करील.

कित्येक मोटार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. मिशेलिनसारखी टायर कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासणी करवून घ्या, आणि वरून कितीही चांगला दिसला तरी दहा वर्षांपलीकडे वापरू नका, असे सांगते. ह्या दोन्हींमध्ये अंतर बरेच आहे. आमचे मत विचाराल तर आपल्याकडील ऊन पाहता, आणि ही गाडी अडल्यानडल्या रुग्णाची गाडी आहे हे पाहता, दहाच्या वाटेस जाऊ नये. सहा वर्षे झाली की पैसे बाजूस टाकण्यास आरंभ करावा आणि सातव्या पावसाळ्याआधी टायर बदलावेत. बाजूला चिरा, फुगवटा किंवा नक्षीच्या खोबणींत भेगा दिसल्या, तर वयाचा विचारही करू नये. तेव्हा पंक्चरवाल्याचे म्हणणे आम्हांस खरेच वाटते.

चार एकदम परवडत नसतील तर दोन घ्यावेत आणि ते मागे बसवावेत. पुष्कळ जण पुढे बसवतात. परंतु ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली की गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हातचे नसते.

स्टेपनीलाही वय असते. ती कधी जमिनीला लागली नाही म्हणून नवी, असे समजून जुन्या टायरच्या जागी तिला चढवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तिचेही चार आकडे वाचावेत. दुकानात नवा टायर घेतानाही वाचावेत. दोन-तीन वर्षे फळीवर पडून असलेला माल गळ्यात मारला जाऊ शकतो. महामार्गाच्या कडेला मिळणारे जुने टायर तर घेऊच नयेत.

नवे टायर घातल्यावर गाडी सावलीत ठेवावी, दर पंधरवड्याला दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी आणि महिन्यातून एकदा टायर थंड असताना हवा पाहावी. उभ्या गाडीचीही हवा थोडी थोडी उतरत असते, आणि कमी हवेच्या टायरवर रात्री घाईने निघणे हे जुन्या टायरइतकेच वाईट.

काढलेले टायर बैलगाडीला बसत असतील तर खुशाल बसवावेत. बैलाच्या चालीला ते चालतात. नाही तर दुकानात तसेच सोडून येऊ नयेत. त्यांची बाजू आपल्या समोर कापवून घ्यावी, म्हणजे ते पॉलिश लावून दुसऱ्या कोणा गरिबाच्या गाडीखाली जाणार नाहीत.