रिकाम्या खाटांचे अर्थशास्त्र

आदिवासी रुग्ण सरकारी दवाखान्यात येत नाही, याचे खापर आपण बहुधा त्याच्या अज्ञानावर फोडतो. बाजारात माल खपला नाही तर गिऱ्हाइकाला कोणी अडाणी ठरवीत नाही. मालच तपासून पाहतात. आरोग्यसेवेच्या नियोजनात एवढा साधा विचार का होऊ नये?

गडचिरोलीत १९८६ साली 'सर्च' ही संस्था स्थापन करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दवाखाना कसा असावा, हे गोंडांनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना आत राहू देत नाहीत, तेथे आपला देव नाही, अशी उत्तरे आली. त्यातून दंतेश्वरी देवीच्या नावाचा, झोपड्यांच्या वस्तीसारखा दवाखाना उभा राहिला. रुग्णाजवळ त्याचे कुटुंबही राहू लागले. ही नुसती सजावट नव्हे. औषध फुकट असले तरी प्रवास, बुडालेली मजुरी आणि घरी सोडलेली मुले यांची किंमत कुटुंबालाच मोजावी लागते. अंदाजपत्रकात ती कोठेच दिसत नाही, पण दवाखान्यात जावे की न जावे, हे तीच ठरविते.

याच संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात अर्भकांच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण दिले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेण्यात आली.

सरकारी मापदंड मात्र डोकी मोजतो: सपाटीवर ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, आदिवासी व डोंगरी भागात ३,००० मागे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटला, की या भागाकाराचा उपयोग काय?

आदिवासींची प्रत्येक रूढी आरोग्यदायी असते, असा भाबडा दावा येथे नाही. सिकलसेलचे निदान प्रयोगशाळेतच व्हायचे. परंतु त्या तपासणीसाठी रुग्ण कोठवर आणि कोणत्या दिवसांत येऊ शकेल, हे गावालाच अधिक कळते.

अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या 'पेसा' कायद्याने सामाजिक क्षेत्रातील संस्था व कर्मचारी यांच्यावरील नियंत्रणाचा अधिकार पंचायती व ग्रामसभा यांना द्यावा, असे सांगितले आहे. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. उपकेंद्राच्या आराखड्याला ग्रामसभेचा ठराव जोडणे सक्तीचे करायचे, तर त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.