विश्लेषण : बर्फाचा अंदाज असूनही गुलमर्गमध्ये धोका का राहतो?

काश्मीरमधील गुलमर्ग येथे फेब्रुवारी २०२५ मध्ये होणारी ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलावी लागली. ती अखेर ९ ते १२ मार्चला पार पडली. त्याआधी २०२४ मध्ये स्पर्धा वेळेवर झाली. पण त्याच दिवसांत, २२ फेब्रुवारीला, तेथे हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. एका वर्षी बर्फच नाही, तर दुसऱ्या वर्षी बर्फ जीवघेणा. मग हवामानाचे अंदाज नेमके कुठे कमी पडतात?

गुलमर्गला बर्फ कोण आणतो?

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे येथे हिमवृष्टी होते. वातावरणाच्या वरच्या थरातील वाऱ्यांसोबत हे विक्षोभ इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे काश्मीरला पोहोचतात. पीर पंजाल पर्वतरांगेला अडून बाष्पयुक्त हवा वर चढते, थंड होते आणि बर्फ पडतो. एवढा लांबचा प्रवास उपग्रहांना दिसत असल्याने विक्षोभ येणार की नाही, हे साधारण चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते.

संपूर्ण मोसमाचे मात्र तसे नाही. २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस काश्मीरमध्ये ‘चिल्लई कलान’ म्हणून ओळखले जातात. हा कडाक्याच्या थंडीचा आणि बर्फाचा काळ. तरीही जानेवारी २०२४ मध्ये महिन्याचा बराचसा काळ गुलमर्गचे उतार उघडेबोडके होते. मोसमी अंदाज केवळ शक्यता सांगतो; स्पर्धेच्या तारखा मात्र त्याआधीच ठरवाव्या लागतात.

‘किती बर्फ पडेल’ हे सांगणे अवघड का?

मुख्य कारण उंची. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, तर गोंडोला अफरवट शिखराजवळ सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते. म्हणजे खाली २ अंश सेल्सिअस असेल तेव्हा वर उणे ६ अंशांच्या आसपास. एकाच वेळी खाली पावसाची भुरभुर आणि वर कोरडा बर्फ, असे घडू शकते.

बर्फाच्या प्रकारानुसार गणितही बदलते. १० मिलिमीटर पाण्यापासून ढोबळमानाने १० सेंटिमीटर बर्फ होतो. थंडी जास्त असेल तर तेवढ्याच पाण्याचा हलका, भुसभुशीत बर्फ १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत साचू शकतो.

पुण्यातील मॉडेलमुळे काय बदलले?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. आधी १२ किलोमीटरच्या चौकोनांवर केले जाणारे गणित आता ६ किलोमीटरच्या चौकोनांवर होते. ही मोठी सुधारणा आहे. पण गुलमर्गच्या गोंडोलाची एकूण लांबीच सुमारे ५ किलोमीटर आहे. पायथा आणि माथा जवळपास एकाच चौकोनात येतात आणि मॉडेल त्या चौकोनाची एक सरासरी उंची धरते. रडारलाही पर्वतांचा अडथळा होतो, कारण त्याच्या लहरी डोंगराआड पोहोचत नाहीत. त्यामुळे वेगवेगळ्या उंचीवरील स्वयंचलित हवामान केंद्रे येथे कळीची ठरतात. गोंडोला सुरू ठेवायचा की बंद, हेही बऱ्याचदा बर्फापेक्षा माथ्यावरच्या वाऱ्यावर ठरते.

आकाश निरभ्र असताना धोका कसा?

हवामानाचा अंदाज पुढे काय होणार ते सांगतो. हिमस्खलनाचा धोका मात्र आधी काय घडले यावरही अवलंबून असतो. दीर्घ कोरड्या काळात जमिनीलगतच्या पातळ बर्फात साखरेसारखे सुटे कण तयार होतात. त्यावर एकदम जड थर पडला, वाऱ्याने आणखी बर्फ आणून टाकला, की तो उतारावरून निसटू शकतो. कधी एका स्कीपटूचे वजनही त्याला पुरते.

जानेवारी २०२३ च्या अखेरीस काश्मीरमध्ये जोरदार हिमवृष्टी झाली. त्यानंतर १ फेब्रुवारीला अफरवटच्या उतारावर हिमस्खलन होऊन पोलंडच्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला. वादळ ओसरल्यानंतरचे ताज्या बर्फाचे दिवस स्कीपटूंना सर्वाधिक खुणावतात आणि धोकाही तेव्हाच मोठा असतो.

मग पाहायचे काय?

‘डीआरडीओ’ची चंडीगढ येथील संरक्षण भूमाहितीशास्त्र संशोधन संस्था हिमस्खलनाचे स्वतंत्र इशारे देते. धोक्याची श्रेणी १ ते ५ अशी असते. गुलमर्गला जाणाऱ्या पर्यटकांनी हवामान विभागाच्या अंदाजासोबत हा इशाराही पाहायला हवा. ठरलेल्या मार्गाबाहेरच्या उतारांवर जाण्यापूर्वी तर तो पाहणे अत्यावश्यकच.

आयोजकांपुढचा प्रश्न वेगळा आहे. फेब्रुवारीच्या बर्फाची हमी ऑक्टोबरमध्ये कोणतेही मॉडेल देणार नाही. त्यामुळे राखीव तारखा सुरुवातीपासूनच वेळापत्रकात ठेवणे आणि अंतिम निर्णय चार-पाच दिवस आधी घेणे, हा व्यवहार्य मार्ग दिसतो. गाइड, घोडेवाले, स्लेज ओढणारे यांची वर्षाची कमाई या काही आठवड्यांवर अवलंबून असते. स्पर्धा पुढे गेली तरी पुन्हा घेता येते. मात्र धोक्याचा इशारा असताना उतार खुला ठेवण्याची किंमत जीवाने मोजावी लागू शकते.