वाट कोण पाहत होतं?

"पत्रांच्या काळात माणसं जवळ होती, मोबाइलने ती तोडली." लग्नाच्या पंगतीपासून दिवाळी अंकापर्यंत हे ऐकू येतं. वाट पाहण्यात गोडी होती, असंही सांगतात. ती वाट कोण पाहत होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत, आजी मालवणजवळच्या गावात. तिला अक्षरओळख नव्हती. आजोबांचं पत्र पोस्टमन पडवीत बसून मोठ्याने वाचायचा आणि शेजारणी ऐकायच्या. मनीऑर्डरीवर तिचा अंगठा, बाजूला साक्षीदाराची सही. उत्तर लिहायला शाळेतला कुणी पोरगा. नवऱ्याला सांगायचं मनातलं दुसऱ्याच्या पोराला कसं सांगणार? आजोबांच्या माघारी त्यांची ट्रंक गावी आली. त्यात तिची पत्रं होती. प्रत्येकाचं अक्षर वेगळं, मजकूर एकच : सर्व खुशाल, काळजी नसावी. त्या साऱ्या पत्रांत आजी कुठेच नव्हती.

आजोबा गेल्याची तार आली, तेव्हा ती उघडण्याआधीच घरात रडं सुरू झालं. तार म्हणजे वाईट बातमी, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. कोकण रेल्वे पुरी झाली 1998 साली. आजोबा गेले तेव्हा होती फक्त एसटी. आजी पोचली तोवर सगळं उरकलं होतं. 2013 च्या जुलैत तारसेवा बंद झाली, तेव्हा पुष्कळांना हळहळ वाटली. आमच्या घरात कुणाला वाटली नाही.

वाट पाहिल्याने माया वाढते, हेही मला पटत नाही. माया होती म्हणून माणसं वाट पाहत होती. त्या काळातलं मोलाचं एकच मला दिसतं : महिन्याच्या एका रविवारी, खोलीत दहाबारा गाळेकरी असताना, आजोबा तासभर फक्त तिच्यासाठी लिहायला बसत. पण तो तास इनलँडच्या निळ्या कागदाने दिलेला नव्हता, त्यांनी दिलेला होता. तो आजही देता येतो.

माझी काकी त्याच घरात राहते. तिलाही लिहितावाचता येत नाही. मुलगा मस्कतला. रोज जेवणं आटोपली की त्याचा व्हिडिओ कॉल येतो. परवा ती त्याच्याशी कडाकडा भांडली, रडली, मग त्याला परसातला फणस दाखवायला घेऊन गेली. पडवीत ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.